हिरव्या रकान्यातली मुलगी

डिसेंबरात नागपुरात कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचे ढीग लागतात, हिवाळी अधिवेशनासाठी सिव्हिल लाइन्समध्ये पोलिसांच्या राहुट्या पडतात आणि विधानभवनात मेळघाटच्या बालमृत्यूंचा प्रश्न निघतो. विरोधी बाकांवरून आकडा येतो, इतकी मुलं कुपोषणाने दगावली. सरकारी बाकांवरून उत्तर येतं की मुलं दगावली हे खरं, पण कुपोषणाने नव्हे. कुणाला न्यूमोनिया होता, कुणी अपुऱ्या दिवसांचं होतं, कुणाला जंतुसंसर्ग झाला होता. मग गोंधळ, सभात्याग, पायऱ्यांवर फलक. काही वर्षांनी बाकांची अदलाबदल होते, तेव्हा काल आकडा फेकणारे आज उत्तर वाचतात आणि उत्तर वाचणारे आकडा फेकतात. वीसेक वर्षं मी वर्तमानपत्रात काम केलं. ही बातमी इतक्यांदा लिहिली की शेवटी शेवटी मागच्या डिसेंबरची प्रत समोर ठेवून फक्त आकडा बदलायचो. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे त्यातला काही दोष माझाही आहे.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. हा वाद भलत्याच मुलांवरून चालला आहे. कुपोषणाने केलेलं सगळ्यात मोठं नुकसान जगलेल्या मुलांच्या अंगावर दिसतं, त्यांच्या उंचीत दिसतं, आणि त्यांच्याबद्दल सभागृहात कुणी तारांकित प्रश्नही विचारत नाही, कुणी पायऱ्यांवरही बसत नाही. अशी मुलं मेळघाटात आहेत तशी विधानभवनापासून ऑटोने पंधरा-वीस मिनिटांवरच्या वस्तीतही आहेत. नागपुरात चारशेहून अधिक झोपडपट्ट्या आहेत. पण कुपोषण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे धारणी-चिखलदऱ्याचा डोंगर आणि हाडांचा सापळा झालेलं एक मूल येतं. त्या चित्रात बसत नाही ते मूल आपल्या लेखी धडधाकट.

आधी त्या ठरलेल्या उत्तराकडे बघू, कारण ते अगदीच खोटं नाही. दाखल्यावर न्यूमोनिया लिहिणारा डॉक्टर लबाडी करत नसतो. मुलाला न्यूमोनिया झालेलाच असतो. प्रश्न असा आहे की तोच न्यूमोनिया धरमपेठेतल्या खात्यापित्या घरच्या बाळालाही होतो, ते चार दिवस दवाखान्यात राहतं आणि घरी येऊन पुन्हा मस्ती करू लागतं. मग मेळघाटातलं मूल का जातं? अन्न कमी पडलेल्या शरीराची रोगाशी झुंजण्याची ताकद आधीच खचलेली असते, आतड्याचं अस्तर झिजलेलं असतं. मग साधी हगवणही त्याला लोळवते, हगवणीत भूक मरते, भूक मेली की वजन उतरतं आणि उतरलेल्या वजनावर पुढचा आजार बसतो. जगभरात पाच वर्षांखालच्या मुलांच्या मृत्यूंपैकी सुमारे ४५ टक्क्यांमागे कुपोषणाचा हात असतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. यातली गोम अशी की ही सगळी मुलं काही सुकटी झालेली नसतात. पुष्कळशी मध्यम कुपोषित असतात, कारण तीव्र कुपोषित थोडी आणि मध्यम कुपोषित कितीतरी जास्त. दाखल्यावर कुपोषण लिहिलं जावं म्हणून मूल पुरेसं वाळलेलंच नसतं.

ही शब्दांची कसरत आपल्याकडे जुनी आहे. सर रिचर्ड टेंपल हे नाव नागपूरला नवं नाही. १८६०च्या दशकात मध्य प्रांताचे चीफ कमिशनर म्हणून ते इथूनच कारभार बघत. पुढे १८७३-७४ मध्ये बिहारमध्ये टंचाई पडली तेव्हा याच टेंपल यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणवला, माणसं वाचवली आणि जास्त खर्च केला म्हणून वरून बोलणी खाल्ली. तो धडा त्यांनी उलटाच गिरवला. १८७७ मध्ये दख्खन आणि मद्रासच्या दुष्काळावर देखरेख करायला पाठवलं तेव्हा त्यांनी दुष्काळी कामावरच्या धडधाकट पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे साधारण ४५० ग्रॅम, आणि वर किरकोळ पैसे पुरे, असं ठरवलं. मद्रासचे आरोग्य अधिकारी कॉर्निश ओरडून सांगत होते की दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला यात भागत नाही, निदान दीड पौंड तरी हवं, शिवाय डाळ-भाजी हवी. इकडे मुंबई इलाख्यात हजारो मजूर काम टाकून निघून गेले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू लावून धरली. त्या दुष्काळात लाखो लोक मेले आणि त्यांतले पुष्कळसे कागदोपत्री पटकी, हगवण आणि तापाने मेले. भुकेने मेला असं लिहायला कुणीतरी जबाबदार लागतो. पटकीला तसं कुणी लागत नाही.

म्हणजे मी विरोधी बाकांच्या बाजूने बोलतो आहे का? नाही. त्यांचा आकडाही मला तोकडाच वाटतो. पण आधी मृत्यू मोजण्याच्या बाजूने जे सबळ म्हणता येईल ते मान्य केलं पाहिजे. १९९३ मध्ये मेळघाटातल्या बालमृत्यूंची बातमी बाहेर आली नसती तर तिथे डॉक्टर पोचले नसते, न्यायालयात याचिका गेल्या नसत्या, मंत्र्यांच्या गाड्यांनी तो घाट चढला नसता. मेलेलं मूल निदान बातमी होतं. तेवढंही मोजू नका असं म्हणायला जीभ कशी रेटेल? दुसरं, मृत्यू थांबवण्याचं एक स्वतंत्र शास्त्र आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून त्यांच्या हाती नवजात बाळाची देखभाल, वजनाची झोळी आणि गरज पडली तर प्रतिजैविकाची सुई दिली. नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरलं. १९९९ मध्ये ते काम प्रसिद्ध झालं आणि पुढे देशाच्या धोरणात आलं. जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला त्या घटकेला सुई हवी असते. खिचडीवर भाषण करणाऱ्याचा त्याला काही उपयोग नाही.

हे सगळं मान्य. पण याच उदाहरणातून माझा मुद्दा निघतो. मृत्यू कमी करणं आणि कुपोषण कमी करणं ही दोन कामं आहेत, आणि पहिलं झालं की दुसरं आपोआप होतं असं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे महाराष्ट्राचे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. २००५-०६ मध्ये हजार जन्मांमागे ४७ मुलं पाच वर्षांची होण्याआधी जात होती. २०१५-१६ मध्ये हा आकडा २९ झाला, २०१९-२१ मध्ये २८. चांगलं झालं. वयाच्या मानाने ठेंगणी राहिलेली मुलं त्याच काळात ४६ टक्क्यांवरून ३४.४ वर आली आणि मग पुन्हा ३५.२ वर गेली. उंचीच्या मानाने लुकडी मुलं शेवटच्या दोन्ही वेळा २५.६ टक्के, देशाच्या सरासरीपेक्षा बरीच जास्त. ज्या राज्याच्या दरडोई उत्पन्नाची आपण छाती फुगवून जाहिरात करतो त्या राज्यात दर तीन मुलांमागे एक मूल ठेंगणं आणि दर चारांमागे एक लुकडं. मृत्यूच्या आकड्यावर नजर ठेवून बसलेल्या माणसाला यातलं काहीच दिसणार नाही. त्याला वाटेल, प्रश्न सुटत आला.

मागच्या पावसाळ्यात पूर्व नागपुरातल्या एका वस्तीत अंगणवाडीत बसलो होतो. भाड्याची खोली, वर टिनाचं छत, भिंतीवर अआइई आणि फळांची चित्रं, कोपऱ्यात आहाराच्या पाकिटांचं खोकं. त्या दिवशी मुलांची मापं होती. लाल फ्रॉक घातलेली एक पोरगी, दोन वर्षं नुकतीच पूर्ण झालेली, खोलीभर पळत होती. ताईंनी तिला धरून फळीवर आडवं केलं, मदतनीस बाईंनी डोकं धरलं, ताईंनी गुडघे दाबून पायाची सरकपट्टी टाचेला टेकवली. पोरगी किंचाळली. ७८.५ सेंटिमीटर. मग काट्यावर, ९ किलो ४०० ग्रॅम. ताईंनी दोन्ही आकडे मोबाइलमध्ये भरले. वजन हिरव्यात, म्हणजे ठीक. उंचीच्या मानाने वजनही हिरव्यात, म्हणजे सॅममध्येही (तीव्र कुपोषित) नाही आणि मॅममध्येही (मध्यम कुपोषित) नाही. बारकी दिसते, असं मी म्हणालो तर तिची आई हसली. "आमच्या घरचे सारेच ठेंगणे हायेत जी. हिची आजी बी अशीच होती. खाते-पेते, धावते, काहीच नाई झालं तिले."

दोन वर्षांच्या मुलीची लांबी जागतिक मानकाप्रमाणे ८६ सेंटिमीटरच्या आसपास असायला हवी. ८०च्या खाली गेली की ती खुरटलेली धरतात. ही दीड सेंटिमीटरने खाली होती. उंची मोजली गेली, नोंदवली गेली, आणि तिथेच विषय संपला. कारण पुढची सगळी यंत्रणा, ग्राम बाल विकास केंद्र काय किंवा दवाखान्यातलं पोषण पुनर्वसन केंद्र काय, वाळलेल्या मुलासाठी आहे. समप्रमाणात खुरटलेल्या मुलासाठी यादी नाही, जादा आहार नाही, बैठकीत उभं राहून उत्तर देण्याची पाळी कुणावर नाही. ती मुलगी मरणार नाही. मेळघाटच्या चर्चेत ती कधीच येणार नाही. ती शाळेत जाईल, आणि चौथीत आल्यावर गुरुजी म्हणतील, हिचं डोकं जरा चालत नाही.

ठेंगणेपणाने काय बिघडतं, असं विचारणारे भेटतात. सचिन तेंडुलकर कुठे उंच आहे, हेही ऐकलं. उंची हा इथे नुसता थर्मामीटर आहे. तापाचा आकडा म्हणजे रोग नव्हे, पण आत काही जळतं आहे एवढं तो सांगतो. गर्भात नऊ महिने आणि जन्मानंतर दोन वर्षं, असे हजारेक दिवस. मेंदूची बरीचशी बांधणी याच काळात होते. याच काळात हाडाला पुरेसं मिळालं नाही तर मेंदूला मिळालं असेल असं मानायला काय आधार? राज्यात पाच वर्षांखालच्या दहा मुलांपैकी जवळजवळ सातांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे, म्हणजे पुष्कळदा लोहच कमी, आणि लोह कमी असलेलं मूल मंदावतं, लक्ष देत नाही, लवकर थकतं. ग्वाटेमालात १९६९ ते १९७७ या काळात चार खेड्यांत एक प्रयोग झाला. दोन गावांत लहान मुलांना दुधाची भुकटी आणि प्रथिनं घातलेली पेज मिळत होती, दोन गावांत नुसतं गोड सरबत. जीवनसत्त्वं दोन्हींत होती. तीस-पस्तीस वर्षांनी संशोधक त्याच माणसांकडे परत गेले तेव्हा पहिली दोन वर्षं पेज प्यायलेल्या पुरुषांची तासाची कमाई ४६ टक्क्यांनी जास्त निघाली. ज्यांना मोठ्या वयात पेज मिळाली त्यांच्यात हा फरक दिसला नाही.

आता सगळ्यात तगडा आक्षेप. भारतीय मुलं वंशानेच लहानखुरी असतात, युरोपच्या फुटपट्टीने मोजली तर खुजी दिसणारच, असं म्हणणारे केवळ चहाच्या टपरीवर नसतात. अर्थतज्ज्ञ अरविंद पानगढिया यांनी २०१३ मध्ये हाच युक्तिवाद विस्ताराने मांडला होता. आफ्रिकेतल्या कितीतरी गरीब देशांत बालमृत्यू आपल्यापेक्षा जास्त आणि तरी मुलं आपल्यापेक्षा उंच, हे कसं, असा त्यांचा सवाल होता. सवाल चांगला आहे. शिवाय सर्वेक्षणात देशातल्या सर्वांत श्रीमंत पाचव्या हिश्श्यातलीही २३ टक्के मुलं ठेंगणी निघतात, हे त्यांच्या बाजूने जातं असं वाटेल.

पण ती फुटपट्टी युरोपची नाही. २००६ मध्ये जाहीर झालेलं मानक ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि भारत अशा सहा देशांतल्या मुलांवरून तयार झालं. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीतल्या सुस्थितीतल्या घरांतली होती. आईचं दूध, स्वच्छ घर, वेळेवर वरचं खाणं असं सगळं मिळालेली ही मुलं नॉर्वेच्या मुलांइतकीच वाढली. दुसरं, वंश शंभर-दीडशे वर्षांत बदलत नाही. एकोणिसाव्या शतकात डच लोक युरोपातल्या बुटक्यांत गणले जात. आज ते जगातल्या सर्वांत उंच लोकांत आहेत. हॉलंडमध्ये मधल्या काळात नवा वंश येऊन राहिला नाही, दूध आणि नळाचं पाणी आलं. यात एक गोष्ट मात्र मान्य केलीच पाहिजे. लाल फ्रॉकवालीची आजी खरोखरच ठेंगणी असणार. खुरटलेल्या मुलीची खुरटलेली बाई होते, तिच्या लहान कुशीत लहान बाळ वाढतं, आणि हा वारसा एका पिढीत फिटत नाही. आजच्या ताटात सगळं वाढलं तरी पुढच्या सर्वेक्षणात सगळी मुलं मानकाला पोचणार नाहीत. पण वारसा म्हटला की तो रक्ताचाच असतो असं कुठे आहे? उपासमारीचाही असतो. आणि या वारशाची सुरुवात कुठून होते ते बघायचं तर आपल्या राज्यात विशी ओलांडलेल्या तरुणींपैकी २२ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं असतं, हा आकडा पुरे.

श्रीमंतांच्या २३ टक्क्यांचं काय? तिथेही उत्तर ताटातच आहे. देशात सहा महिने ते दोन वर्षं या वयातल्या शंभर मुलांपैकी जेमतेम अकरांना पुरेसा आहार मिळतो. हे पैशाने पूर्ण सुटलेलं नाही. चांगल्या शिकलेल्या घरात आठ महिन्यांच्या बाळाला वरणाच्या वरचं पाणी भरवताना मी बघितलं आहे, डाळ खाली पातेल्यात आणि पिवळं पाणी वाटीत, 'पचायला हलकं' म्हणून. खालच्या वस्तीत चहात बुडवलेला टोस्ट आणि पाच रुपयांचा कुरकुरीत पुडा. दोन्हीकडे पोट भरतं, रडणं थांबतं. आमच्या घरीही वरणाचं पाणीच होतं, हेही सांगायला हवं. माझ्या मुलांच्या वेळी मला याचं काही कळत नव्हतं.

यात शेवटी बिल कुणाच्या नावाने फाटतं ते पुण्यातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामातून दिसलं. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. इथली बाळं स्नायूंनी, अवयवांनी लहान, पण त्वचेखालची चरबी मात्र जवळपास तेवढीच. बाहेरून बारीक, आतून स्थूल. अशा शरीराला पुढे थोडं जास्त खायला मिळालं, बैठं काम मिळालं की साखर वाढते. हॉलंडमध्ये १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मनांनी अन्न तोडलं तेव्हा पोटात असलेल्या बाळांना पन्नाशीत मधुमेह आणि हृदयविकार गाठू लागले. रामदासपेठेत रांगेने उभ्या असलेल्या मधुमेहाच्या दवाखान्यांकडे बघताना आपण तर्री-पोह्यांना दोष देतो. तो थोडा आहेही. पण त्या रांगेतल्या कितीजणांची आई पोटुशी असताना शेवटचं उरलंसुरलं खात होती, ते कुणी विचारत नाही.

जगलेल्या माणसांकडे बघून एखाद्या देशाने धोरण बदलल्याचं उदाहरण आहे का? आहे, आणि ते साम्राज्य चालवणाऱ्यांचंच आहे. १८९९ मध्ये बोअर युद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटनच्या औद्योगिक शहरांतले तरुण सैन्यभरतीला आले आणि मोठ्या संख्येने नापास झाले. छाती भरत नव्हती, उंची बसत नव्हती, दात किडलेले. आधी तिथेही वंश खालावल्याची ओरड झाली. १९०४ मध्ये चौकशी समितीने ती बाजूला सारली आणि गरिबी, खुराडी आणि अन्नाकडे बोट दाखवलं. १९०६ मध्ये शाळेत जेवण देण्याचा कायदा आला, पुढच्या वर्षी शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी. हेतू फार थोर होता असं नाही, बंदूक धरायला माणसं हवी होती. पण त्यांनी भरतीच्या मैदानावर फीत धरली आणि निघालेला आकडा मान्य केला. पोलीस भरतीला उंचीत अडकलेली पोरं नागपुरातही आहेत. आपण त्यांना पुढच्या वर्षी प्रयत्न कर म्हणतो.

शाळेवरून अंड्याचा वाद आठवला. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं. त्यावरून शाकाहार-मांसाहाराचं रण माजलं. आणि जानेवारी २०२५ मध्ये अंड्याचा खर्च लोकसहभागातून भागवा असं सांगून सरकार मोकळं झालं. मी अंड्याच्या बाजूचा आहे. ज्याला नको त्याला केळं द्या, पण ज्याला हवं त्याच्या ताटातलं काढू नका. मात्र त्या वादातल्या दोन्ही बाजू सहा वर्षांच्या मुलाच्या ताटावरून भांडत होत्या. त्याचा फायदा त्याला होईलच, पण त्याची उंची बरीचशी ठरून गेलेली आहे. अंडं सगळ्यात जास्त लागतं ते दीड वर्षाच्या मुलाला आणि त्याच्या आईला. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून ते मिळतं तरी; शहरातल्या झोपडपट्टीतली मुलं त्या योजनेच्या नकाशाबाहेर आहेत.

नुसतं अंडंही पुरणार नाही, हेही खरं. संडास, पाणी, हात धुणं यांशिवाय खाल्लेलं अंगी लागत नाही असं म्हणणारे बरोबर आहेत. आणि बांगलादेश, केनिया, झिम्बाब्वेत नुसते संडास आणि हात धुणं देऊन बघितलं तर मुलांची उंची वाढली नाही, हेही तितकंच खरं आहे. एकच कळ दाबून हे यंत्र चालत नाही. मला विचाराल तर या सगळ्यात ज्याचं नाव कुणी घेत नाही ती गोष्ट आहे आईचा वेळ. कायमच्या नोकरीतल्या बाईला २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. धुणीभांडी करणाऱ्या, भंगार निवडणाऱ्या, स्लॅबवर घमेली वाहणाऱ्या बाईला अन्न सुरक्षा कायद्याने २०१३ मध्ये सहा हजार रुपये कबूल केले आणि २०१७ मधल्या योजनेत पहिल्या बाळंतपणाला हातात ठेवले पाच हजार. दोन महिन्यांत ती कामावर परत, बाळ सात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. दिवसातून पाच वेळा चमच्याने भरवायला सांगणारा तक्ता अंगणवाडीच्या भिंतीवर आहे. भरवणार कोण?

हे आपल्याला कधीच जमलं नाही असंही नाही. २००५ मध्ये राज्यात कुपोषणाविरुद्धचं राजमाता जिजाऊ मिशन सुरू झालं. फार मोठी तिजोरी नव्हती. रिकाम्या जागा भरणं, दोन वर्षांखालच्या मुलांवर लक्ष ठेवणं, गावागावांत खरं वजन घ्यायला लावणं असं किचकट, फोटो न निघणारं काम त्यांनी केलं. २०१२च्या स्वतंत्र पाहणीत दोन वर्षांखालच्या ठेंगण्या मुलांचं प्रमाण ३९ टक्क्यांवरून सुमारे २४ वर आलेलं दिसलं. त्यानंतरच्या सर्वेक्षणांत तेवढी सुधारणा टिकलेली दिसत नाही, आणि ती किती खरी होती यावर शंकाही घेतली गेली. घ्यावी. पण तिथे निदान मोजमाप उंचीचं होतं आणि ते बाहेरच्या माणसांनी केलेलं होतं. आज मोजणारी आणि जाब देणारी एकच बाई आहे. "लाल दाखवलं का मिटिंगमधी मलेच उभं करते," असं एका ताईंनी मला सांगितलं, आणि मग हसून म्हणाल्या की वय दोन महिने कमी टाकलं की मूल हिरवं होतं. मला त्यांचा राग आला नाही. तुटपुंज्या मानधनावर ज्या बाईने मोजायचं, शिकवायचं, वाटायचं, मोबाइल भरायचा आणि वर गुन्हेगारही व्हायचं, तिने दुसरं काय करावं?

म्हणून येत्या अधिवेशनात विदर्भातल्या एखाद्या आमदाराने मृत्यूच्या प्रश्नाला जोडून आणखी एक प्रश्न टाकावा. तालुक्यागणिक, आणि शहरात प्रभागागणिक, दोन वर्षं पूर्ण केलेल्या मुलांची सरासरी उंची किती. मागच्या वर्षी किती होती. आणि ती मोजली कुणी. उत्तरात न्यूमोनियाची पळवाट नाही. अपुऱ्या दिवसांचं बाळ, अंधश्रद्धा, दुर्गम भाग, यांतलं काही चालणार नाही, कारण प्रभाग विधानभवनाच्या गच्चीवरून दिसतो. पहिल्या वर्षी माहिती संकलित करण्यात येत आहे असं उत्तर येईल, हे मला ठाऊक आहे. अशी उत्तरं मी छापली आहेत. दुसऱ्या वर्षी पुन्हा विचारावं.

त्या दिवशी अंगणवाडीतून निघताना लाल फ्रॉकवाली दारात बसून ताईंनी दिलेला राजगिऱ्याचा लाडू दोन्ही हातांनी चाटत होती. आईला कामावर परत जायचं होतं, दुपारची दोन घरं बाकी होती. ताईंनी उंचीची फळी पुसली, भिंतीला उभी टेकवली आणि पुढच्या मुलाचं नाव पुकारलं.